टोटल लॉस झालेली ऑक्टाव्हिया आरएस घेऊ का? टोकन देऊन बसलोय

गड्डा_एक्सप्रेस

नमस्कार मंडळी, दोन-तीन वर्षं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. २०१७ ला स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २३० आली तेव्हा मी कॉलेजला होतो, तेव्हापासून ती गाडी डोक्यात बसलीय. टू लिटर टीएसआय टर्बो पेट्रोल, २३० पीएस, ३५० एनएम, सहा गिअरचं डीएसजी ऑटोमॅटिक, आणि बाहेरनं बघितलं तर पप्पांची वाटावी अशी सेदान. २४.६२ लाख एक्स शोरूम होती, जेमतेम ५०० आल्या आणि बघता बघता संपल्या.

आता पुण्यात एका एजंटकडे नोव्हेंबर २०१७ ची एक सापडलीय. ६१,००० किमी, एमएच-१२ पासिंग, सेकंड ओनर. मागतोय १२.७५. मी गेलं वर्षभर बघतोय, चांगली आरएस कुणी २० च्या खाली बोलतच नाही. मी विचारलं एवढी स्वस्त का, तर तो स्वतःच म्हणाला की २०२१ ला अपघात होऊन इन्शुरन्स कंपनीनं एकदा टोटल लॉस धरलीय पण "फक्त कागदावर", बंपर-लाइट गेलेले, बाकी काही नाही. कात्रजच्या पुढं बायपासला चालवून बघितली. काय सांगू मालक, थर्डमधे पाय दाबला आणि पोटात गड्डा यात्रेतल्या पाळण्यागत झालं. तिथंच २५ हजार टोकन देऊन आलो.

एम-परिवहन ॲपवर आरसी ॲक्टिव्ह दाखवतंय, बोजा नाही. पप्पांना टोटल लॉसचं सांगितलेलं नाही. घेऊ का नको?

शेंगाचटणी

आधी टोकन दिलं आणि मग धागा काढला. लग्न लावून पत्रिका जुळवायला बसलाय बे हा.

टर्बोतात्या

एकच प्रश्न. एअरबॅग उघडल्या होत्या का? एजंटला फोन कर, विचार, आणि काय म्हणाला ते जसंच्या तसं इथं लिही. बाकी सगळं नंतर.

नवीनच_घ्या

असल्या गाडीच्या सावलीला पण उभं राहू नको. १२-१३ लाखात वापरलेली स्लाव्हिया नाहीतर व्हर्टस १.५ टीएसआय बघ, १५० पीएस, २५० एनएम, सोलापूर-पुणे रोडला त्याच्यावर काय करणार आहेस तू? टेंभुर्णीच्या अलीकडं ट्रॅक्टर आडवा आला की २३० काय आणि १५० काय. आणि ती गाडी एका मालकाची, सर्व्हिसच्या पावत्यांसकट मिळंल.

निवृत्त_सर्व्हेअर

गड्डा, तुमचा एजंट खोटं बोलतोय असं लगेच धरू नका, आणि खरं बोलतोय असंही. मी मोटर क्लेमचे सर्व्हे आयुष्यभर केले, त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो.

टोटल लॉस म्हणजे गाडीचा चुरा झाला असा अर्थ होत नाही. तो हिशोबाचा शब्द आहे. गाडीची पॉलिसीत धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, दुरुस्तीचा खर्च तिच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी दुरुस्तीच्या भानगडीत पडत नाही, गाडी टोटल धरते. आयडीव्ही कशी निघते, तर एक्स शोरूम किमतीतून घसारा वजा. पहिल्या ६ महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोनपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०.

आता तुमची गाडी घ्या. नोव्हेंबर २०१७ ची, अपघात २०२१ चा, म्हणजे तीन वर्षं उलटलेली, ४० टक्के घसारा. २४.६२ चे ६० टक्के म्हणजे १४.७७ लाख. त्याचे ७५ टक्के ११ लाखांच्या थोडं वर. शोरूमच्या वर्कशॉपमधे एस्टिमेट निघतं ते सगळे पार्ट नवे धरून, त्यांच्या मजुरीनं, वर जीएसटी. दोन एअरबॅग, त्यांचं मॉड्यूल, बेल्ट, अख्खा डॅशबोर्ड, दोन्ही हेडलाइट, रेडिएटर, इंटरकूलर, बॉनेट, फेंडर एवढी यादी झाली तर आकडा ११ च्या आसपास जायला फार लागत नाही. म्हणजे तीच गाडी चासीला धक्का न लागता टोटल होऊ शकते, आणि चासी वाकूनही होऊ शकते. कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

पण नुसते बंपर आणि लाइट? त्यात ११ लाख होत नाहीत. तिथे काहीतरी गाळलंय.

पुढे काय होतं तेही समजून घ्या. कंपनी मालकाला पैसे देते आणि मोडकी गाडी ऑनलाइन लिलावात जाते. घेणारा बहुतेक वेळा स्वतःच्या नावावर करतच नाही, मूळ मालकाच्या सह्या घेतलेले, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० जवळ ठेवतो, गाडी उभी करतो आणि थेट पुढच्या गिऱ्हाइकाच्या नावावर चढवतो. ज्यानं गाडी जोडली त्याचं नाव आरसीत कुठेच येत नाही. लिलावाच्या वेळचे फोटो असतात, सर्व्हे रिपोर्ट असतो, एस्टिमेट असतं. ते मागा. देत नसेल तर त्यातच उत्तर आलं.

गड्डा_एक्सप्रेस

तात्या, फोन केला. आधी म्हणाला नाही उघडल्या. मग मी सर्व्हेअर काकांचा हिशोब वाचून दाखवला तर म्हणतोय "दोनच उघडलेल्या, नव्या टाकल्यात, कंपनीच्या टाकल्यात". बिल मागितलं तर "बिल मिस्त्रीकडं राहिलं". लिलावाचे फोटो नाहीत म्हणाला.

पण गाडी खरंच सरळ जाते हो. शंभरला स्टेअरिंग सोडलं तरी लाइन सोडत नाही.

शेंगाचटणी

"बिल मिस्त्रीकडं राहिलं" हे टीशर्टवर छापून गड्डा यात्रेत विकू.

लेस्टरकर_मूळ_बार्शी

इकडं इंग्लंडात याला कॅटेगरी असते म्हणून लिहितो. ए म्हणजे अख्खी गाडी दाबून भंगार, एक नट पण वापरायचा नाही. बी म्हणजे पार्ट काढून घ्या पण बॉडी चिरडायची. एस म्हणजे सांगाड्याला मार लागलाय पण दुरुस्त होते, एन म्हणजे सांगाडा शाबूत. आधी सी आणि डी होतं, ऑक्टोबर २०१७ ला बदललं. थोडे पैसे भरून नंबर टाकला की कुठली कॅटेगरी ते दिसतं. मी स्वतः एन वाली गोल्फ वापरतोय, विकणाऱ्यानं जाहिरातीतच लिहिलं होतं, त्यामुळं स्वस्तात मिळाली आणि काय भानगड नाही. आपल्याकडं आरसीवर अशी काही खूण नसते, तिथंच सगळा घोळ आहे. बी मधे जायला पाहिजे ती गाडी पण आपल्याकडं एन म्हणून फिरू शकते.

कोर्टाची_पायरी

वकील आहे, पण फुकट सल्ला देतेय म्हणून हलक्यात घेऊ नका.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५५. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकानं १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते, मग नोंदणी रद्द होते. दुरुस्त होण्यासारखी आहे असं म्हणून बऱ्याच गाड्यांची रद्द केली जात नाही. तुमची ॲक्टिव्ह आहे हे ठीक, पण ॲक्टिव्ह म्हणजे गाडी आणि कागद एकमेकांचे आहेत असं सिद्ध होत नाही.

टोटल लॉसचे कागद गाडीपेक्षा महाग विकले जातात ते कशाला? तसल्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी आणायची आणि मोडलेल्या गाडीचा चासी नंबर तिच्यावर ठोकायचा. उत्तरेत असली रॅकेटं पकडली गेलीत. उद्या पोलीस दारात आले तर "मी तर पैसे मोजले होते" यावर गाडी परत मिळत नाही, वर मालकी सिद्ध करत तुम्हीच चकरा मारायच्या. एनसीआरबीच्या वाहन समन्वय पोर्टलवर चासी आणि इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का ते बघा, पण घासून दुसरा नंबर मारला असेल तर तिथं काहीच दिसणार नाही, म्हणून नंबर डोळ्यानं बघायलाच पाहिजे.

आणि पहिल्या मालकाला गाठा. तो बोलला तर पाच मिनिटांत सगळं कळतं.

माढेकर

माझं जरा वेगळं. टोटल लॉस म्हटलं की सगळे अपघातच धरतात, पाण्याचं कुणी विचारत नाही. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरकडं किती गाड्या बुडल्या आठवतंय ना? माझ्या मावसभावानं त्यानंतर सात-आठ महिन्यांनी एक ऑटोमॅटिक हॅचबॅक घेतली, कुठल्या डीलरकडून ते जाऊ दे. आत अत्तर मारल्यागत वास, सीटकव्हर कोरं करकरीत. पहिला उन्हाळा मस्त गेला. पहिल्या पावसात एअरबॅगचा लाइट लागला, मग खिडक्या आपोआप खाली यायला लागल्या, मग एका रात्री घरासमोर उभ्या गाडीचा हॉर्न वाजायला लागला तो बॅटरीची वायर काढेपर्यंत थांबंना. कार्पेट उचललं तर खाली वायरिंगच्या सॉकेटवर हिरवी बुरशी, आणि सीटच्या खालच्या रुळात वाळलेला गाळ, नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. ५.२ ला घेतलेली, १.९ ला गेली.

आमच्याकडं सीनेला २०२५ च्या सप्टेंबरात पाणी आलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर गाड्या गेल्या. त्या आता कुठंतरी अत्तर मारून उभ्या असणारच. पार्ट मोडला तर दिसतो, पाणी दिसत नाही.

घरचीच_पोलो

सगळे घाबरवतायत म्हणून दुसरी बाजू. माझी स्वतःची पोलो जीटी टीएसआय टोटल लॉस आहे आणि मी ती सहा वर्षं झाली चालवतोय. वादळात गुलमोहराचं झाड छपरावर पडलं, गाडी उभी होती, आत कुणी नव्हतं. छप्पर, पुढची-मागची काच, बॉनेट, छपराचा एक खांब म्हणजे पिलर, आणि अख्खी गाडी रंगवायची म्हटल्यावर एस्टिमेट आयडीव्हीच्या पुढं गेलं. मी साल्व्हेजची, म्हणजे मोडक्या गाडीची, किंमत वजा करून उरलेले पैसे घेतले आणि गाडी माझ्याकडंच ठेवली, असं करता येतं. मग तीन महिने मिस्त्रीच्या बोकांडी बसून करून घेतली. इंजिन, चासी, एअरबॅग, कशालाच धक्का नाही.

पण हे मला माहितेय कारण झाड पडलं तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. उद्या विकायला काढली आणि मी हेच सांगितलं तर तुम्ही का विश्वास ठेवावा? आणि हो, सगळं खरं सांगून फुल इन्शुरन्स मागितला तर दोन कंपन्यांनी नको म्हटलं, तिसरीनं गाडी तपासून दिला.

निवृत्त_सर्व्हेअर

पोलोवाल्यांनी महत्त्वाचं सांगितलं. थर्ड पार्टी कायद्यानंच सक्तीचा आहे, तो मिळतो. ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, देताना मात्र कंपनी आधी गाडी बघते, फॉर्ममधे जुना क्लेमही विचारते. तिथे लपवलं आणि पुढे मोठा क्लेम आला तर सर्व्हेअर चासी नंबरावरून मागचं सगळं उकरतो. मीही उकरायचो. मग क्लेम फेटाळला जातो आणि भांडायला तोंड राहत नाही. १२.७५ मधे हा धोका पण धरा.

टर्बोतात्या

हां, आता माझं ऐक. जायचं तर हे बघायचं.

चासी नंबर तीन ठिकाणी. पुढच्या काचेच्या खाली कोपऱ्यात, बॉनेट उघडून उजव्या सस्पेन्शनच्या टोपीवर ठोकलेला, आणि डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात कागदी स्टिकर, त्याच्यावर ऑप्शनचे कोड बारीक अक्षरात असतात. तिन्ही सारखे पाहिजेत. ठोकलेल्या नंबरावर बोट फिरव, आजूबाजूचा रंग आणि त्याचा रंग एकच आहे का बघ, भोवती वेल्डिंग आहे का बघ.

रंगाची जाडी मोजायचा पेंट गेज मी आणतो. कंपनीचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन. २००-२५० म्हणजे परत रंगवलीय, त्याचं काय वाटून घ्यायचं नाही, सोलापुरात टमटमनं घासली नाही अशी गाडी दाखवा. पण ५००-६०० म्हणजे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय, आणि ती दारावर असली तर ठीक, पिलरवर असली तर उठून घरी यायचं.

बेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, बुडाला लेबल असतं, त्याच्यावर तारीख असते. बेल्टची तारीख गाडीच्या लई आधीची किंवा नंतरची असली की समजायचं. एअरबॅग उघडते तेव्हा बेल्टच्या आतलं बारूद पण बहुतेक जळतं, लोक एअरबॅगचं कव्हर शिवून आणतात आणि बेल्ट तसाच ठेवतात.

स्कॅनर लावायचा. अपघातात एअरबॅगच्या मॉड्यूलमधे क्रॅश डेटा बसतो, मग ते मॉड्यूलच नवं टाकायला लागतं. आणि किल्ली दिल्यावर एअरबॅगचा लाइट लागून विझला म्हणजे एअरबॅग आहे असं नसतंय बे. सॉकेटमधे पाच-दहा रुपयाचा रेझिस्टर खोचला की मॉड्यूलला वाटतं एअरबॅग जोडलेली आहे, लाइट शांत.

अलाइनमेंटचा प्रिंट काढायचा, नुसतं "सरळ जाते" चालत नाही. एका बाजूचा कास्टर, म्हणजे पुढच्या चाकाचा एक कोन, वेगळा आला आणि ॲडजस्ट होत नसला तर सबफ्रेम नाहीतर चासी हललीय. स्टेअरिंग सोडून सरळ जाते म्हणे. बैलगाडी पण जाते.

रविवारी मी मोकळा आहे. पाचला निघू, होटगी रोडला ये मला घ्यायला.

शेंगाचटणी

तात्या निघाले म्हणजे एजंटचा रविवार गेला.

गड्डा_एक्सप्रेस

मंडळी, जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, घरी जरा वातावरण तापलेलं होतं, त्याचं शेवटी सांगतो.

तिन्ही नंबर जुळले. तात्यांनी ठोकलेल्या नंबरावर बॅटरी तिरकी मारून दहा मिनिटं बघितलं, म्हणाले नंबर ओरिजनल आहे, गाडी चोरीची नाही. मी मनात म्हटलं झालं, घेतली.

मग गेज. डाव्या बाजूला ११०, ११८, १२१. बॉनेट २४०. उजवा फेंडर १२५ आणि खालचा नट नवाकोरा, म्हणजे फेंडरच बदललेला. मग तात्यांनी गेज पुढच्या उजव्या पिलरला लावला, काच आणि दाराच्या मधे असतो तो, ६४०. परत लावला, ७१०. तात्या काहीच बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडं बघितलं.

ड्रायव्हरचा बेल्ट २०१७ चा. शेजारच्या सीटचा ओढला तर लेबलवर २०१४. गाडीच्या आधी तीन वर्षं बेल्ट जन्माला आलेला. एजंट म्हणतोय "जर्मनीचा स्टॉक असेल".

स्कॅनर लावला. फॉल्ट एक पण नाही, एजंटचं तोंड फुललं. पण एअरबॅग मॉड्यूलमधे चासी नंबर दुसराच, म्हणजे दुसऱ्या गाडीतनं काढून बसवलेलं. मग तात्या म्हणाले ग्लोव्ह बॉक्स काढतो. एजंट नको म्हणाला, तात्या म्हणाले मग टोकन दे. अर्धा तास हुज्जत, शेवटी काढला. आत हात घालून तात्यांनी पिवळं सॉकेट बाहेर ओढलं, त्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, पट्टी सोलली तर आत तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर. बस्स. वर हात घातला तर एअरबॅगच्या जागी रिकामी पोकळी, माझा मनगटापर्यंत हात गेला. आणि डॅशबोर्डवर बाहेरनं ऐटीत एअरबॅग लिहिलेलं.

मला खरं सांगायचं तर त्या क्षणाला पण गाडी पाहिजेच होती. म्हटलं नवी एअरबॅग, बेल्ट, मॉड्यूल टाकून घेऊ, अजून दोन-अडीच लाख. तात्या म्हणाले टाक की, पण तो पिलर? ६४० मायक्रॉनच्या खाली काय वेल्ड केलंय ते मोकळं केल्याशिवाय कुणाला कळणार, आणि मोकळं करायला तो देणार आहे का? शेजारच्या सीटवर कोण बसणार आहे ते ठरवून मला सांग. पुढच्या वर्षी लग्न आहे माझं, त्यांना माहितेय.

टोकनचे २५ पैकी २० परत मिळाले, पाच "गाडी होल्ड केल्याचे" कापले. कोर्टाची पायरी ताई, व्हॉट्सॲपवर त्यानं "बंपर लाइट सोडून काही नाही" असं लिहिलेलं आहे, त्याचा काही उपयोग होतो का?

घरचं असं झालं की फास्टॅग पप्पांच्या मोबाइलला जोडलेला. सगळ्या टोलचे मेसेज एकामागोमाग त्यांना. मी सांगितलेलं की पंढरपूरला चाललोय. रात्री सगळं खरं सांगायला लागलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, एवढा माणूस तुझ्यासाठी रविवार घालवून आला आणि तू त्याला वाटेत नुसता चहा पाजलास? उद्या दोन चादरी नेऊन दे.

टर्बोतात्या

मिळाल्या. डबल बेडच्या आहेत.

कोर्टाची_पायरी

होतो. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉटवर थांबू नका, अख्खं चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. पाच हजारासाठी ग्राहक आयोगात जाणं तुम्हाला परवडणार नाही, पण नोटिशीचा एक कागद मी लिहून देते, बऱ्याचदा तेवढ्यानं पैसे येतात. फी मला पण चादरीतच द्या.

घरचीच_पोलो

पिलर नसता तर मी घे म्हणालो असतो, ८ ला. बाकी सगळं विकत मिळतं.

निवृत्त_सर्व्हेअर

आठलाही बेल्ट आणि बॅगा कंपनीकडून, बिलासकट, तुमच्या डोळ्यासमोर बसवल्या तरच. आणि ती गाडी दुसऱ्या कुणाला जाईल हे लक्षात ठेवा. शेवटचे चार आकडे इथे टाका, म्हणजे पुढच्याला शोधताना सापडेल.

गड्डा_एक्सप्रेस

नंबर टाकला तर ॲडमिन उडवतील ना? ज्यांना आरएस बघायचीय त्यांनी मला मेसेज करा, चासीचे शेवटचे आकडे देतो. मी स्लाव्हिया बघतोय सध्या. बघताना तोंड जरा वाकडंच होतंय पण बघतोय.

नवीनच_घ्या

शाब्बास. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

बरं, एक विचारायचं होतं. त्या एजंटचा नंबर मिळंल का? गाडी नको बे. माझ्या जुन्या ऑक्टाव्हियाला आरएसच्या सीटा बसतात का बघायचं होतं. पुढच्या दोन्ही. बेल्ट सोडून.